प्रयुक्त म्हणजे कोण?

महाविद्यालयात मानसशास्त्र घेतलेल्या कुणाचेही जुने जर्नल उघडून पाहा. प्रयोगाचे नाव, तारीख आणि त्याखाली दोन ओळी : ‘प्रयोगकर्ता’ आणि ‘प्रयुक्त’. पहिल्या ओळीत जर्नलच्या मालकिणीचे नाव असते, दुसरीत बहुधा शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीचे. पुढच्या प्रात्यक्षिकाला दोघींच्या जागा बदलतात. जिने काल मेमरी ड्रमवर निरर्थक अक्षरे दाखवली, ती आज आरशात पाहून चांदणी गिरवायला बसते आणि पेन्सिल भलतीकडे गेली की हसते.

हा प्रकार इतका सरावाचा झाला आहे की त्यात विचारण्यासारखे काही आहे असे वाटत नाही. पण विचारून पाहू. माणसाच्या मनाचे नियम शोधायचे, तर त्यासाठी मानसशास्त्राचाच विद्यार्थी का बसतो? भौतिकशास्त्राच्या प्रयोगात लंबक बसतो, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगात वाटाणा बसतो. इथे मात्र शिकणारा स्वतःच वाटाणा होतो. याला सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि आपण शिक्षकांनी तो माहीत करून घ्यावा असा आहे. कारण बी.एड.च्या कृतिसंशोधनापासून एम.एड.च्या प्रबंधापर्यंत ज्यांना आपण ‘नमुना’ म्हणतो, ती बहुतेक वेळा आपल्याच वर्गातली मुले असतात.

१८७९ साली विल्हेल्म वुन्ट यांनी जर्मनीतल्या लाइपझिग विद्यापीठात मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली, हे पाठ्यपुस्तकात असते. त्या प्रयोगशाळेत प्रयोग कुणावर होत, हे सहसा नसते. ते होत वुन्ट यांच्या विद्यार्थ्यांवर आणि खुद्द वुन्ट यांच्यावर. जेम्स मकीन कॅटेल हा अमेरिकन विद्यार्थी तिथे प्रतिक्रियाकाल मोजत असे, म्हणजे प्रकाश दिसल्यापासून हात हलेपर्यंत किती वेळ जातो ते. त्याच्या प्रयोगांत प्रयुक्त दोनच, तो स्वतः आणि त्याचा सहाध्यायी गुस्ताव बर्गर. एकाने उपकरण सांभाळायचे, दुसऱ्याने कळ दाबून बसायचे, मग अदलाबदल. निबंधात दोघांचे आकडे वेगवेगळे दिलेले आहेत.

दोन माणसांवरून नियम काढणे आज आपल्याला धाडसाचे वाटेल. त्या काळची समजूत वेगळी होती. स्वतःच्या मनात काय चालले आहे याचे नेमके निरीक्षण करणे हे कौशल्याचे काम आहे, ते रस्त्यावरच्या कुणालाही जमणार नाही, त्यासाठी सराव लागतो, असे लाइपझिगमध्ये मानत. म्हणून बसणाऱ्याला दिलेल्या नावांपैकी एक होते ‘निरीक्षक’. प्रयोग करणारा उपकरणे हाताळी, पण ज्ञान बसणाऱ्याकडून येई. प्रयोगशाळेतली ज्येष्ठ व्यक्ती प्रयुक्त आणि कनिष्ठ व्यक्ती प्रयोगकर्ता, असेही घडे. कुर्ट डॅन्झिगर या इतिहासकाराने १९९०च्या आपल्या पुस्तकात हे सारे बारकाईने मांडले आहे. हेरमान एबिंगहाउसने तर दुसरे कुणी घेतलेच नाही. त्याने १८८५ साली प्रसिद्ध केलेले स्मृतीवरचे सगळे प्रयोग एकाच माणसावर केलेले होते, स्वतःवर. आपल्या जर्नलमधली निरर्थक अक्षरे त्याचीच.

याच काळात लंडनमध्ये अगदी उलट कारभार चालू होता. १८८४ सालच्या आरोग्यविषयक आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात फ्रान्सिस गाल्टनने मोजमापांचा एक गाळा मांडला. तीन पेनी द्यायचे आणि आपली उंची, हाताची पकड, नजर, श्रवणशक्ती मोजून घ्यायची. ९,३३७ लोक मोजले गेले. इथे माणसाला स्वतःच्या मनाबद्दल काही सांगायचे नव्हते, आकडा द्यायचा आणि पुढे जायचे होते. गंमत म्हणजे, इथे पैसे मोजमाप करून घेणाराच भरत होता. पुढच्या काळात हा व्यवहार उलटा झाला.

विसाव्या शतकात जिंकला तो गाल्टनचा आकडा, पण त्यासाठी बसवला गेला लाइपझिगचा विद्यार्थी. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने सुमारे १७ लाख सैनिकांना बुद्धिमापन चाचण्या दिल्या. एका माणसाच्या मनापेक्षा गटाची सरासरी महत्त्वाची ठरू लागली. सरासरीला माणसे लागतात, पाच-दहा नव्हे, शेकड्यांनी. ती आणायची कुठून? अमेरिकन विद्यापीठांत प्राथमिक मानसशास्त्राचे वर्ग भरगच्च असत. तेव्हा अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून विद्यार्थ्याने सत्रात इतके तास प्रयोगांना बसायचे, त्याबद्दल थोडे गुण मिळायचे, अशी प्रथा रुळली. समर्थन असे की त्यातून संशोधन कसे चालते ते त्याला कळते. थोडेफार कळतही असेल. पण एक गोष्ट हातोहात बदलली. लाइपझिगचा विद्यार्थी ज्या प्रश्नाचे उत्तर शोधत होता तो प्रश्न त्याला माहीत होता. आता प्रश्न माहीत नसणे हीच बसण्याची अट झाली. निरीक्षकाचा पुरवठा झाला.

१९४६ सालीच क्विन मॅक्नेमर या संख्याशास्त्राच्या जाणकार मानसशास्त्रज्ञाने तक्रार केली होती की मानवी वर्तनाचे म्हणून जे शास्त्र सांगितले जाते ते बव्हंशी पदवीच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलांच्या वर्तनाचे शास्त्र आहे. लोकांनी ती मान डोलावून ऐकली आणि प्रथा चालूच राहिली. सोय मोठी असते.

विद्यार्थी हा कसा प्रयुक्त असतो याचा एक नमुना प्रत्येक शिक्षकाने ऐकावा असा आहे. मार्टिन ऑर्न यांना असे काम हवे होते की जे इतके निरर्थक असेल की प्रयुक्त मध्येच उठून जाईल. त्यांनी प्रयुक्तापुढे दोन हजार कागदांची चळत ठेवली. प्रत्येक कागदावर २२४ बेरजा. घड्याळ काढून घेतले आणि सांगितले, करत राहा, मी कधीतरी परत येईन. साडेपाच तासांनी कंटाळला तो प्रयोगकर्ता. मग सूचना वाढवली : एक कागद पुरा झाला की त्याचे किमान बत्तीस तुकडे करा आणि पुढचा घ्या. लोक तेही तासन्‌तास करत राहिले. विचारले तर म्हणाले, सहनशक्तीची चाचणी असावी. १९६२ साली ऑर्न यांनी हे प्रसिद्ध केले. प्रयुक्त निमूटपणे मोजला जात नाही. प्रयोगाचा हेतू काय असेल याचा तो अंदाज बांधतो आणि ‘चांगला प्रयुक्त’ होण्याचा प्रयत्न करतो, हा त्यांचा निष्कर्ष. ज्याला विषय शिकवला आहे आणि ज्याचे गुण समोरच्याच्या हाती आहेत, अशा मुलाच्या बाबतीत हे किती होत असेल, याची कल्पना आपल्याला परीक्षेच्या मोसमात येतेच.

स्टॅन्ली मिलग्रॅमने हे ओळखले होते. येल विद्यापीठातला आज्ञापालनाचा त्याचा प्रसिद्ध प्रयोग १९६१ साली सुरू झाला तेव्हा त्याने स्थानिक वृत्तपत्रात जाहिरात दिली, चार डॉलर मानधन ठेवले आणि शाळा-कॉलेजातले विद्यार्थी चालणार नाहीत असे स्पष्ट लिहिले. त्या प्रयोगाच्या नैतिकतेवर पुढे कडक टीका झाली ती योग्यच होती. पण माणसे निवडण्याच्या बाबतीत तो आपल्या बऱ्याच समकालीनांपेक्षा सावध होता.

आपल्याकडे हा वारसा कसा आला? भारतातला मानसशास्त्राचा पहिला विद्यापीठीय विभाग १९१६ साली कलकत्त्यात निघाला. त्याचे प्रमुख नरेंद्रनाथ सेनगुप्त हे हार्वर्डला म्युन्स्टरबर्ग यांच्याकडे शिकलेले आणि म्युन्स्टरबर्ग वुन्ट यांचे विद्यार्थी. १९२४ साली म्हैसूरला विभाग सुरू करणारे एम. व्ही. गोपालस्वामी लंडनला स्पिअरमन यांच्याकडे शिकले होते, आणि स्पिअरमन यांचीही डॉक्टरेट लाइपझिगची. पुणे विद्यापीठात १९५० साली विभाग निघाला त्याचे नावच ‘प्रायोगिक मानसशास्त्र’ होते, प्रमुख होते प्रा. व्ही. के. कोठुरकर. मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्र विभाग १९५९ सालचा. जर्नलमधली प्रयोगकर्ता-प्रयुक्ताची जोडी आणि त्यांची अदलाबदल ही या वाटेने आपल्याकडे आलेली लाइपझिगची पद्धत आहे. माझ्या मते आपल्या प्रात्यक्षिकांतला सर्वांत मोलाचा भाग हाच. जिच्यावर कुणीतरी घड्याळ लावले आहे, ती दुसऱ्यावर घड्याळ लावताना थोडी जपूनच लावते. (अपेक्षित उत्तर माहीत असल्यामुळे आकडे ‘जमवले’ जातात, हा त्या प्रात्यक्षिकांचा दुसरा चेहरा. तोही आपल्याला माहीत आहे.)

संशोधनाच्या वेळी मात्र आपण अमेरिकन पद्धतीकडे वळतो. प्रश्नावलीच्या झेरॉक्स काढायच्या, मित्र शिकवत असेल त्या वर्गात तासाची शेवटची पंधरा मिनिटे मागून घ्यायची, भरलेले गठ्ठे घेऊन यायचे. आता तोच कागद ऑनलाइन फॉर्म होऊन व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात येतो, एवढाच फरक. अहवालात नमुन्याविषयी एक ओळ असते : अमुक इतके महाविद्यालयीन विद्यार्थी. पुढच्या पानापासून तेच ‘युवक’ होतात आणि निष्कर्षाला पोचेपर्यंत ‘भारतीय’.

याहून जुनी आणि अधिक कष्टाची वाटही इथे होती, आणि ती शाळांतून गेली होती. बिने यांनी १९०५ साली पॅरिसच्या मुलांसाठी केलेली बुद्धिमापन कसोटी डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी नव्याने बसवली. १९३४ साली तिच्यावरचा त्यांचा निबंध ब्रिटनमध्ये छापला गेला आणि १९४० साली पुस्तक आले. अशा कसोटीत नुसते भाषांतर भागत नाही. कोणता प्रश्न कोणत्या वयाच्या बहुतेक मुलांना येतो, हे इथल्या मुलांना एकेक करून, समोर बसवून विचारावे लागते. शाळा आणि तिथले शिक्षक यांच्यावाचून असे काम होत नाही.

आता हा प्रश्न नकाशावर ठेवून पाहू. पश्चिम रेल्वेच्या विरार स्थानकावरून आगाशीमार्गे समुद्राकडे गेले की आठ-दहा किलोमीटरवर अर्नाळा लागते. किनाऱ्यासमोरच्या बेटावर मराठ्यांनी १७३७ साली पोर्तुगीजांकडून घेतलेला किल्ला आहे. बेटावर वस्तीही आहे आणि तिथे जायला होडीच लागते. कोळी, वाडवळ, ख्रिस्ती असे लोक या भागात राहतात, वसईच्या पट्ट्यात वाडवळी, कादोडी अशा बोली ऐकू येतात. विरार-वसईच्या एखाद्या महाविद्यालयात कुणी ‘जोखीम घेण्याची वृत्ती’ या विषयावर प्रश्नावली वाटली, तर अर्नाळ्याची कॉलेजात जाणारी मुलगी तीत सापडेल. तिचा बाप पावसाळा संपताना होडी कधी काढायची हे आभाळ पाहून ठरवतो, आई मासळीचा भाव मिनिटामिनिटाला बदलते. जोखीम म्हणजे काय हे त्या घरात सर्वांत कमी कुणाला ठाऊक असेल तर ते मुलीला, आणि नमुन्यात तीच आहे. प्रश्नावली प्रमाण मराठीत किंवा इंग्रजीत. गावापासून महाविद्यालयापर्यंत बस जाते, संशोधन मात्र सहसा उलट दिशेने येत नाही.

जगाच्या पातळीवर हे चित्र आकड्यांत मांडले गेले आहे. जेफ्री आर्नेट यांनी २००८ साली अमेरिकेतली सहा आघाडीची नियतकालिके तपासली. त्यांतले ९६ टक्के प्रयुक्त अशा देशांतले होते, जिथे जगाची जेमतेम १२ टक्के लोकसंख्या राहते. २०१० साली हेन्रिक, हाइने आणि नोरेन्झायन यांनी दाखवले की अमेरिकन महाविद्यालयीन विद्यार्थ्याला प्रयुक्त होण्याची संधी पाश्चात्त्य जगाबाहेरच्या माणसापेक्षा चार हजार पटींनी अधिक असते. त्यांनी तपासलेल्या सामाजिक मानसशास्त्राच्या एका प्रमुख नियतकालिकात अमेरिकन नमुन्यांपैकी ६७ टक्के नमुने केवळ मानसशास्त्र शिकणाऱ्या पदवी-विद्यार्थ्यांचे होते. इतर देशांतून आलेल्या नमुन्यांत हे प्रमाण ८० टक्के होते. म्हणजे अमेरिकेबाहेरच्यांनी अनुकरण मूळ प्रतीपेक्षाही इमानाने केले.

पण याने खरोखर फरक पडतो का? रेघ आखूड दिसते की लांब, यात अर्नाळा काय आणि इलिनॉय काय, असे कुणी म्हणेल. नेमके तेच मोजून पाहिलेले आहे. दोन सारख्या रेघा काढा. एकीच्या टोकांना रेघेकडे मिटलेले बाणाचे काटे, दुसरीच्या टोकांना बाहेर उघडलेले काटे. मिटलेली रेघ आखूड दिसते. हा म्युलर-लायर दृष्टिभ्रम आपल्या प्रात्यक्षिकांत असतोच. १८९८ साली केंब्रिजच्या मोहिमेबरोबर गेलेल्या डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या टॉरेस सामुद्रधुनीतल्या मरे बेटावरच्या लोकांना तो दाखवला. समुद्राशी रोजचा संबंध असलेले हे लोक इंग्रजांपेक्षा कमी फसले. मात्र उभी रेघ आडवीपेक्षा लांब वाटण्याच्या दुसऱ्या भ्रमात ते इंग्रजांपेक्षा अधिक फसले. पुढे रिव्हर्स यांनी निलगिरीतल्या तोडांवरही हे प्रयोग केले. १९६६ साली सीगल, कॅम्पबेल आणि हर्स्कोव्हिट्स यांनी अनेक समाजांतली मोजमापे एकत्र प्रसिद्ध केली. सर्वांत जास्त फसले ते इलिनॉयमधल्या इव्हन्स्टनचे लोक. त्यांना मिटलेली रेघ सुमारे एकपंचमांशाने लांब करावी लागे तेव्हा कुठे दोन्ही सारख्या वाटत. आफ्रिकेतल्या कालाहारीच्या सान लोकांना भ्रम जवळजवळ झालाच नाही. काटकोनांच्या घरांत, सुतारकामाच्या जगात वाढल्याने हा भ्रम होतो, असे स्पष्टीकरण पुढे आले.

गोष्ट इथेच संपवणे सोपे होते, आणि अनेक लेख ती इथेच संपवतात. पण २०१५ साली भारतातूनच एक अडचणीची नोंद आली. पवन सिन्हा यांच्या ‘प्रकाश’ प्रकल्पात जन्मापासून मोतीबिंदू असलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया होतात. आठ ते सोळा वर्षांच्या नऊ मुलांना दृष्टी आल्याबरोबर हा भ्रम दाखवला, तर तीही फसली. त्यांच्या डोळ्यांनी सुतारकामाचे जग पाहिलेलेच नव्हते. म्हणजे भ्रमाचे मूळ संगोपनाहून खोल असावे, आणि निरनिराळ्या समाजांतल्या फरकांचे कारण अजून वादाचे आहे. तसेच २०१८ साली ३६ देश-प्रदेशांतल्या सुमारे १५ हजार लोकांवर २८ जुने प्रयोग पुन्हा केले गेले. जवळपास निम्मेच खरे ठरले, पण जे फसले ते बहुतेक सगळीकडेच फसले. ठिकाण बदलल्याने पडलेला फरक अपेक्षेपेक्षा कमी होता. हे पुनर्प्रयोगही पुष्कळसे विद्यार्थ्यांवरच झालेले, ही त्यातली मेख. तात्पर्य, विद्यार्थ्यावरचे निष्कर्ष खोटे असतात असे नव्हे. कोणते निष्कर्ष महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर टिकतात, ते फाटकाबाहेर गेल्याशिवाय कळत नाही, इतकेच.

दुसरा प्रश्न संमतीचा. सहज हाताशी असणारी माणसे म्हणजे बहुधा नाही म्हणणे ज्यांना अवघड आहे अशी माणसे : सैनिक, रुग्ण, कैदी, विद्यार्थी. मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा ती कैद्यांपुढे ठेवली गेली. सुमारे निम्मे पुढे झाले आणि उरलेल्यांशी त्यांची तुलना झाली. लसीने अनेकांचे जीव वाचवले. तरी कोठडीतला होकार कितपत मोकळा, हा प्रश्न उरतोच. आपला वर्ग तुरुंग नाही, पण “ज्यांना भाग घ्यायचा नाही त्यांनी हात वर करा” असे बाईंनी विचारल्यावर किती हात वर होतील?

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत विद्यार्थ्यांची गणना असुरक्षित गटांत केली आहे, ती याच कारणाने. मुलांच्या बाबतीत पालकांची संमती हवीच. शिवाय सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि बारा ते अठरा वर्षांच्या मुलाचा लेखी होकार घ्यावा असे त्यांत सांगितले आहे. अमेरिकेतल्या नियमांनुसार भाग घेण्यासाठी गुण ठेवले असतील तर तितक्याच मेहनतीचा दुसरा पर्याय द्यावा लागतो. तिथल्या मानसशास्त्र संघटनेच्या लेखनविषयक पुस्तिकेने १९९४ साली प्रयुक्तासाठीचा जुना शब्द शक्यतो टाळून ‘सहभागी’ या अर्थाचा शब्द वापरायला सांगितले. आपल्या ‘प्रयुक्त’ शब्दाचा अर्थ तर ‘वापरलेला’ असाच आहे. नवीन मराठी लिखाणात ‘सहभागी’ दिसू लागला आहे. शब्दाबरोबर वागणूक बदलली की नाही, ते प्रत्येक वर्गात निराळे तपासावे लागेल.

अर्नाळ्यासारख्या गावातल्या शाळेला हा प्रयोग पुठ्ठ्यावर करता येतो. पुठ्ठ्याचे लांबट पाकीट करा, त्यावर मिटलेल्या काट्यांची दहा सेंटिमीटरची रेघ काढा. पाकिटातून सरकत बाहेर येणाऱ्या पट्टीवर तीच रेघ पुढे न्या आणि तिच्या टोकाला उघडे काटे काढा. पट्टीच्या पाठीवर सेंटिमीटरच्या खुणा. बसणाऱ्याने पट्टी सरकवून दोन्ही रेघा सारख्या दिसतील तिथे थांबायचे. चारदा पट्टी बाहेरून आत आणत, चारदा आतून बाहेर नेत, मग सरासरी. मुलांनी आधी एकमेकांवर करावा, जागा बदलून. नंतर घरी आजीला, जाळे विणणाऱ्या काकांना, वाडीत काम करणाऱ्या मावशींना विचारावे : कशासाठी ते सांगून, आणि नको म्हणाले तर तसेच परत येऊन. वहीत आकड्याशेजारी वय, काम आणि किती वर्षे शाळेत गेले हे लिहावे. नको म्हणणारे किती, तेही लिहावे.